बर्लिनमध्ये पहिले सहा आठवडे: आधी पत्ता, मग बाकी सगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीचं बी.ई. नागपुरात झालं, बर्लिनच्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला, श्पेरकोन्टो म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाचा खर्च आधीच भरायचा, मग तो दरमहा हप्त्याने मिळतो) भरून झालं, व्हिसाही हातात आला. सप्टेंबरच्या शेवटी निघायचंय, पण वसतिगृहाची खोली मिळालेली नाही. तिकडे उतरल्यावर कुठलं काम आधी करायचं, जवळ किती पैसे ठेवायचे आणि सामानात काय द्यायचं, असं तुम्ही वडील म्हणून विचारलंय. बहुतेक कामं तिलाच करायची आहेत, म्हणून पुढे थेट तिच्याशीच बोलतो. तुमच्या वाट्याची कामं शेवटी सांगतो.

जर्मनीत सगळं एका कागदावर अडतं किंवा सुटतं. त्याला आनमेल्डुंग म्हणतात, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी, असा कायदा आहे. ती झाली की काही दिवसांनी कराचा कायमचा नंबर पोस्टाने येतो. तो नंबर नसेल तर पार्टटाइम नोकरीच्या पगारातून सगळ्यात जड दराने कर कापला जातो. काही बँका आनमेल्डुंगशिवाय खातं उघडत नाहीत, आणि खातं नसेल तर श्पेरकोन्टोतले दरमहा 992 युरो तुझ्यापर्यंत पोहोचत नाहीत. निवास परवान्याच्या अर्जालाही हाच कागद लागतो. आणि ही नोंद करायला घरमालकाने किंवा मूळ भाडेकरूने सही केलेला दाखला लागतो. त्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, पण ते तोंडपाठ करून जा. पहिल्या महिन्यात तुझं काम अडलं, तर ते बहुधा या दाखल्यापाशीच अडेल.

म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी विचारायचं: इथे आनमेल्डुंग होईल का, आणि दाखला कधी मिळेल? उत्तर गुळमुळीत आलं तर ती खोली पंधरा दिवसांची सोय म्हणून घे, घर म्हणून नको. पर्यटकांची होस्टेलं, हॉटेलं आणि थोड्या दिवसांच्या पर्यटकी खोल्यांमध्ये हा दाखला सहसा मिळत नाही. मूळ भाडेकरू स्वतःची खोली पुढे भाड्याने देत असेल, तर त्याच्याकडे घरमालकाची लेखी परवानगी आहे का तेही विचार. परवानगी नसलेले लोकच "राहा खुशाल, पण नोंद करू नकोस" असं सांगतात. काही जण पैसे घेऊन नुसता पत्ता देतात. तिथे राहायचं नाही, फक्त नोंद करायची. हे बेकायदेशीर आहे. पत्ता देणाऱ्याला जबर दंड होऊ शकतो, खोटी नोंद करणाराही सुटत नाही, आणि महत्त्वाची पत्रं अनोळखी माणसाच्या पेटीत पडतात ते वेगळंच.

खोली कुठे आणि कशी शोधायची

बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचा कारभार श्टुडीरेंडेनवेर्क ही संस्था बघते. तिच्या खोल्या शहरात सगळ्यात स्वस्त, त्यामुळे रांग लांब असते. दोन-तीन सेमिस्टर थांबावं लागलं तरी नवल नाही. अर्ज आजच भर आणि ती खोली ऐनवेळी मिळेल यावर विसंबू नकोस. यादीतलं नाव टिकवायला मध्येच ईमेलने विचारणा होते. त्याला उत्तर दिलं नाही तर नाव कटतं, म्हणून स्पॅमचा फोल्डरही बघत जा.

दुसरा मार्ग वेगेचा. एका फ्लॅटमध्ये तिघं-चौघं, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. अशा खोलीला बर्लिनमध्ये साधारण 500 ते 750 युरो पडतात. जाहिरातीतले दोन आकडे नीट वाच: काल्टमिटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममिटे म्हणजे हीटिंग आणि पाण्यासकट. वीज आणि इंटरनेट वार्ममिटेत धरलंय की नाही, हे वेगळं विचारावं लागतं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेइतकंच घेता येतं आणि कायद्याने ते तीन मासिक हप्त्यांत भरायची मुभा आहे. वेगेतले लोक मात्र बहुतेक वेळा एकदम मागतात, तेव्हा तेवढी तयारी ठेव.

अशा खोलीसाठी शंभर-दीडशे जण लिहितात. "आय ॲम इंटरेस्टेड, प्लीज रिप्लाय" असा मेसेज कोणी उघडतसुद्धा नाही. सहा-सात ओळींचं जर्मन लिही, साधं असलं तरी चालेल. तू कोण, काय शिकणार, कधीपासून कधीपर्यंत राहणार, खर्च कशातून भागणार, घरात कशी राहतेस, आणि त्यांच्या जाहिरातीतलं काहीतरी वाचल्याची खूण. जाहिरात आल्यापासून तासाभरात लिहिलं तर उत्तराची शक्यता वाढते. नागपुरात दुपार झालेली असते तेव्हा बर्लिनमध्ये सकाळ असते; बहुतेक जाहिराती संध्याकाळी पडतात, म्हणजे आपल्याकडे रात्री अकरानंतर. निघण्याआधीचे काही आठवडे तेवढं जागरण करावं लागेल.

तिसरा मार्ग खासगी विद्यार्थी-निवासांचा. तिथे 700 ते 1000 युरो किंवा त्याहूनही जास्त लागतात आणि नागपूरच्या घराला तो आकडा ऐकून धक्का बसतो. पण फसवणुकीची भीती कमी, करार पक्का आणि दाखला पहिल्या दिवशी हातात. माझं स्पष्ट मत असं की वेगेची खात्रीची खोली निघण्याआधी पंधरा दिवस मिळाली नसेल, तर पहिल्या सेमिस्टरपुरती अशी जागा घ्यावी. महिन्याला दीड-दोनशे युरो जास्त गेले तरी तेवढ्यात बँक, परवाना, नोकरी आणि अभ्यास मार्गी लागतात. मग मार्च-एप्रिलमध्ये शांतपणे स्वस्त खोली शोधता येते. ऑक्टोबरात बर्लिनमध्ये खोल्यांची ओढाताण सगळ्यात जास्त असते.

फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. फोटो फार सुंदर, जागा अगदी मध्यवर्ती, भाडं चारशेच्या आत. मालक "सध्या परदेशात" असतो, किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणतो आणि बुकिंगच्या ओळखीच्या साइटसारख्या दिसणाऱ्या लिंकवर पैसे भरायला सांगतो. पासपोर्टची प्रत आधीच मागतो आणि पुढच्या माणसाला फसवायला तीच वापरतो. प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर घर बघितल्याशिवाय, आणि घर दाखवणाऱ्याचंच नाव करारावर असल्याशिवाय, एक युरोही पाठवू नकोस. पासपोर्टची प्रत द्यावीच लागली तर तीवर आडवं "फक्त भाडेकरारासाठी" आणि तारीख लिहून दे.

अंतराची काळजी नको. नागपुरात कुठूनही कुठेही अर्ध्या तासात पोहोचायची सवय असते. बर्लिनमध्ये कॉलेजला पाऊण तास लागणं नेहमीचं आहे. लिश्टेनबेर्ग, मार्त्सान, श्पांडाउ, क्योपेनिक या बाजूंना भाडं थोडं उतरतं. पॉट्सडॅम मात्र वेगळं शहर, वेगळं राज्य. तिथे राहिलीस तर नोंद आणि परवान्याचं कार्यालय दोन्ही बदलतात.

नोंदीचा दिवस आणि पत्रपेटी

ब्युर्गरआम्ट म्हणजे नागरी सेवा कार्यालय. बर्लिनमधल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये नोंद चालते, आपल्याच भागातलं हवं असं नाही. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती मिळायला अनेकदा तीन-चार आठवडे लागतात. म्हणून नागपुरात असतानाच ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली एक वेळ घेऊन ठेव. खोली ठरली नाही तर ती वेळ रद्द कर, म्हणजे दुसऱ्याला मिळेल. आधी घेतली नसशील तर रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर दिसतात. कार्यालय उघडायच्या सुमारास पान पुन्हा पुन्हा ताजं करून बघ. दोन आठवड्यांत वेळच मिळाली नाही, तर जी मिळेल ती घे आणि बुकिंगचा ईमेल जपून ठेव. प्रयत्न केल्याचा पुरावा असला की सहसा त्रास देत नाहीत.

जाताना पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाचा दाखला घेऊन जा. भाडेकरार दाखल्याची जागा घेत नाही. करार नेला आणि दाखला विसरला, तर परत पाठवतात. अर्जात धर्माचा रकाना असतो. रोमन कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर पगारावर चर्चचा कर लागू होतो. हिंदू किंवा बौद्ध धर्मीयांना असा कर नाही, तो रकाना मोकळा ठेवला तरी चालतं. काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं, फी नसते आणि शिक्का मारलेला कागद लगेच हातात पडतो. त्याचे स्कॅन करून तीन ठिकाणी ठेव.

यानंतर एक बारीकशी गोष्ट, जिच्यापायी बरीच मुलं महिना-महिना घालवतात. खाली इमारतीच्या पत्रपेटीवर तुझं आडनाव असायलाच हवं. पोस्टमन फ्लॅटचा नंबर बघत नाही, तसा नंबर बहुतेक ठिकाणी नसतोच. तो पेटीवरचं आडनाव बघतो. ते दिसलं नाही की पत्र परत जातं. कराचा नंबर, बँकेचं कार्ड, कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं. खोली ताब्यात घेतली त्याच संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून चिकटव. वसतिगृह असेल तर व्यवस्थापकाला सांग.

नावाचा विषय निघालाच आहे तर तोही आताच उरकून घे. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टमध्ये मात्र स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून गिव्हन नेम होतं. जर्मन कार्यालयं पासपोर्टच प्रमाण मानतात. विद्यापीठ, विमा, बँक, विमानाचं तिकीट, सगळीकडे पासपोर्टप्रमाणे अगदी तेच स्पेलिंग आणि तोच क्रम ठेव. विद्यापीठात वडिलांचं नाव गाळलं आणि विम्यात घातलं, तर दोन संगणकांना तू दोन वेगळ्या व्यक्ती वाटतेस आणि प्रवेशाची नोंदणी तिथेच थांबते.

विमा: इथे चुकलं तर दुरुस्त होत नाही

विद्यापीठात नाव पक्कं व्हायला आरोग्य विम्याचा निरोप थेट विमा कंपनीकडून, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने विद्यापीठाला जावा लागतो. व्हिसासाठी घेतलेला प्रवासी विमा त्यासाठी चालत नाही. तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमा विद्यार्थी दराने मिळतो. महिन्याला दीडशे युरोच्या आसपास पडतात, त्यात दीर्घकालीन शुश्रूषेचा भाग आलाच. एजंट लोक तीस-चाळीस युरोचा खासगी विमा दाखवून पैसे वाचवायचा सल्ला देतात. तो घ्यायचा तर सार्वजनिक विम्यातून सूट मागावी लागते, आणि ही सूट एकदा घेतली की त्या शिक्षणाच्या काळात परत फिरता येत नाही. दात, जुनी दुखणी, मानसिक आरोग्य असा मोठा खर्च त्या स्वस्त विम्यात बहुधा येत नाही. तेव्हा सार्वजनिक विमाच घे. अर्ज नागपुरातून ऑनलाइन भरता येतो, फोटो अपलोड करायचा, पत्ता नंतर कळवायचा. विमा सेमिस्टर किंवा नोंदणी सुरू झाल्यापासून लागू होतो, म्हणून उतरल्यापासून त्या तारखेपर्यंतचे दिवस प्रवासी विम्यात धरलेत ना, ते बघ.

तिकडे पोहोचल्यावर घराजवळचा एक हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आजारी पडायच्या आधीच शोधून ठेव. धंतोलीत किंवा रामदासपेठेत संध्याकाळी जाऊन नंबर लावतो तसं तिथे होत नाही. वेळ घ्यावी लागते आणि नवे रुग्ण घेणारा दवाखानाच शोधावा लागतो. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रात्री-अपरात्री जीवघेणं नसलेलं दुखणं असेल तर 116117, जिवावरचं किंवा आग असेल तर 112, पोलीस 110.

पैसा

श्पेरकोन्टोत वर्षाचे 11,904 युरो असले तरी पहिल्या महिन्यात ते तुझ्या हातात नसतात. आधी तिथलं चालू खातं हवं, मग पासपोर्ट-व्हिसा पाठवून श्पेरकोन्टो सुरू करून घ्यायचं, मग पहिला हप्ता पडतो. दोन ते चार आठवडे जातात. तोपर्यंतचा हिशेब असा धर: भाडं 600, डिपॉझिट एकदम मागितलं तर 1350, गादी-पांघरूण-भांडी 150, जेवणखाण 250, विमा 150, फोन आणि किरकोळ प्रवास 80. म्हणजे अडीच हजार युरोंच्या आसपास श्पेरकोन्टोबाहेर हवेत. त्यातले तीनशे-चारशे नोटांमध्ये, त्याही पन्नासच्या आणि त्याखालच्या, बाकी फॉरेक्स कार्डावर. शेदोनशेची नोट छोटी दुकानं घेत नाहीत. कार्ड एकावर विसंबू नकोस, दोन वेगळ्या बँकांची दोन ठेव.

सेमिस्टरची वर्गणी सरकारी विद्यापीठात साधारण 300 ते 400 युरो असते आणि तिच्यातच सेमिस्टर तिकीट येतं. त्यावर देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस चालतात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाहीत. हिवाळी सेमिस्टर 1 ऑक्टोबरला सुरू होतं. सप्टेंबरात उतरलीस तर तोवर रोजचं तिकीट काढावंच लागेल. विमानतळ सी झोनमध्ये आहे, त्यामुळे शहरात यायला तिन्ही झोनचं एबीसी तिकीट लागतं. नवखी मुलं एबीचं काढतात आणि पकडली जातात. कागदी तिकीट काढल्यावर फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्यायचं असतं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड 60 युरो, आणि "मला माहीत नव्हतं" हे कोणी ऐकत नाही.

उतरायचा वार बघून विमानाचं तिकीट काढ. रविवारी दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी. 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते. शनिवारी रात्री उतरलीस तर सोमवारपर्यंत दूध-ब्रेडपासून उशीपर्यंत घराजवळ सहसा काही मिळणार नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी उतरणं सगळ्यात सोयीचं.

निवास परवाना

तुझ्या पासपोर्टवरचा व्हिसा बहुतेक तीन ते सहा महिन्यांचाच असेल. तो संपायच्या आत परवान्याचा अर्ज व्हायला हवा. बर्लिनमध्ये तो परकीय नागरिक कार्यालयाच्या संकेतस्थळावर भरतात. मुदतीत अर्ज केला असेल तर निर्णय लागेपर्यंत राहणं कायदेशीर मानलं जातं. अर्जाची पावती छापून जवळ ठेव. एक दिवस जरी उशीर झाला तर हे संरक्षण जातं. व्हिसा संपायच्या आठ आठवडे आधीची तारीख फोनमध्ये आजच टाक. आनमेल्डुंग, विद्यापीठाचा दाखला, विम्याचा दाखला, श्पेरकोन्टोचा हिशेब आणि भाडेकरार लागतो. कार्ड हातात येईपर्यंत नागपूरला यायचं तिकीट काढू नकोस. परत जर्मनीत शिरताना अडचण येऊ शकते.

नोकरी घाईने धरू नकोस, पण आकडे माहीत असू दे. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. 1 जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. कोणी त्याहून कमी देत असेल किंवा "कागदावर नको, रोख देतो" म्हणत असेल तर तिथून निघ, कारण पकडलं गेलं तर परवाना तुझा अडकतो.

अभ्यासाबद्दल एवढंच: तिथे परीक्षेला बसायला वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची तारीख कोणी आठवण करून देत नाही. एटीकेटीसारखी सैल व्यवस्था नाही. एका विषयाचे प्रयत्न मोजके असतात आणि सक्तीच्या विषयात ते संपले तर तो अभ्यासक्रमच संपतो. पहिल्या सेमिस्टरला सहा विषय घेण्यापेक्षा तीन-चार नीट कर.

नागपूरहून काय न्यायचं

आधी सामानाच्या वजनाचं. नागपूर–मुंबई आणि मुंबई–बर्लिन अशी दोन वेगळी तिकिटं काढली, तर देशांतर्गत विमानात सहसा 15 किलोच चालतात. परदेशी तिकिटावरचे 30 किंवा 46 किलो तिथे मोजले जात नाहीत आणि जास्तीच्या वजनाचे पैसे नागपूरच्या काउंटरवरच भरावे लागतात. एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास घे. जमत नसेल तर मुंबईपर्यंत रेल्वेने जा. दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेसने सामान बिनघोर जातं. फक्त विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेव.

युरोपीय संघात प्रवाशाने बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, खवा नाही, पनीर नाही, पेढे नाहीत. खव्याची संत्रा बर्फीही घरीच खाऊन जा. ताजी संत्री आणि ताजा कढीपत्ता रोपस्वच्छतेच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. वाळवलेला कढीपत्ता, मसाले, डाळी, पापड, कुरडया यांची अडचण नाही. सावजी मसाला, भिवापुरी मिरचीचं तिखट आणि गोडा मसाला पाव-पाव किलो, नीट सील करून घे. तांदूळ, तूरडाळ, कणिक यांत वजन घालवू नकोस. बर्लिनमध्ये भारतीय दुकानं आहेत आणि नॉयक्योल्न, क्रॉइत्सबेर्ग, वेडिंग भागातल्या तुर्की दुकानांत कोथिंबीर, हिरवी मिरची, भेंडी, छोले स्वस्तात मिळतात. सुपरमार्केटमधलं 405 नंबरचं पीठ मैद्यासारखं असतं, त्याच्या पोळ्या चामट होतात. पोळ्यांसाठी भारतीय दुकानातला आटाच घे.

कुकर तीन लिटरचा, स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणाराच. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडी ओळखतच नाही. आपले दोन पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, व्होल्टेजही 230 आहे. तीन पिनांच्या लॅपटॉपसाठी मात्र ॲडॅप्टर लागेल.

जाड ओव्हरकोट नागपुरात घेऊ नकोस. इथल्या थंडीसाठी शिवलेला कोट तिथल्या ओल्या वाऱ्यात कामाचा नसतो. उतरताना एक पाऊस झेलणारं जॅकेट, दोन थर्मलचे जोड, लोकरी मोजे आणि पाणी न शिरणारे बूट एवढं पुरे. कोट तिथे सेकंडहँड दुकानात चांगला आणि स्वस्त मिळतो.

दात आणि डोळे इथेच तपासून घे, चष्म्याचे दोन जोड कर. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरतीच, मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घे, कारण तिथल्या फार्मसीला आपल्याकडची ब्रँडची नावं कळत नाहीत. मूळ कागदपत्रं, पॉवर बँक आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या बॅगेत.

घरात वावरताना

नागपूरच्या घरात खिडक्या-दारांतून आपोआप वारा खेळतो. बर्लिनची घरं हिवाळ्यात हवाबंद असतात. आंघोळ, स्वयंपाक, खोलीत वाळत घातलेले कपडे यांची वाफ गार भिंतीवर बसते आणि महिनाभरात कोपऱ्यात काळी बुरशी धरते. ती साफ करायचा खर्च डिपॉझिटमधून जातो. दिवसातून दोन-तीनदा पाच ते दहा मिनिटं खिडकी सताड उघड, हीटर तेवढ्यापुरता बंद कर, मग लाव. खिडकी दिवसभर किलकिली ठेवून उपयोग होत नाही, भिंत मात्र अजून गार पडते. राहायला आल्या दिवशीच भिंती, फरशी, शेगडी यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला ईमेल कर.

मिरचीची फोडणी देताना एक्झॉस्ट लाव आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेव. काही वसतिगृहांत धुराचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि विनाकारण आलेल्या बंबाचं बिल येऊ शकतं. रात्री दहानंतर मिक्सर, वॉशिंग मशीन नको. कचरा वेगवेगळ्या डब्यांत जातो, पहिल्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी विचारून घे. पाण्याच्या बाटलीवर बहुतेक 25 सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये बाटली घातली की ते परत मिळतात. नळाचं पाणी थेट पिण्याजोगं असतं, त्यामुळे बाटल्या विकत घ्यायची गरजच नाही.

नोंद झाल्यावर थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरामागे महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नसला तरी ती द्यावीच लागते. वेगेत कोणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणीदार क्रमांक कळवायचा आणि आपसांत वाटून घ्यायचं. पत्र फेकून दिलं तर थकबाकी साठते आणि वसुलीची नोटीस येते. जर्मनीत कुठल्याही सरकारी पत्राला उत्तर दिलं की मार्ग निघतो, न दिल्याने प्रकरण वाढतं.

नोव्हेंबर-डिसेंबर जड जातो. सूर्य चारच्या सुमारास मावळतो, आभाळ आठवडाआठवडा भरलेलं राहतं, आणि 45 अंशांच्या उन्हात वाढलेल्या शरीराला ते झेपत नाही. झोप वाढणं, उत्साह जाणं, कोणाशी बोलावंसं न वाटणं हे त्या दिवसांत पुष्कळांना होतं. त्यावर आधीच उपाय करून ठेव: रोज दुपारी उजेडात अर्धा तास चालणं, विद्यापीठाच्या खेळवर्गात नाव, भाषेच्या वर्गात नाव. त्रास पंधरा दिवसांहून जास्त टिकला तर श्टुडीरेंडेनवेर्कचा समुपदेशन विभाग असतो, बोलायला जा. घरात सगळ्याच मराठी मुली असल्या की पहिले दोन महिने बरं वाटतं, पण जर्मन अडूनच राहतं. निदान एक जण तरी दुसऱ्या भाषेची असेल असं घर बघ.

आता तुमच्यासाठी, बाबा

तिचा भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि दर वेळी वैधता संपायच्या आत रिचार्ज करा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेत तिच्या वतीने सही करता यावी म्हणून मुखत्यारपत्र ती इथे असतानाच करून घ्या. बँकेला ते कुठल्या स्वरूपात हवं हे आधी शाखेत विचारा, प्रत्येकीचा नमुना वेगळा असतो. परदेशी पैसे पाठवताना एका पॅनवर आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वरच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर तो नाही. श्पेरकोन्टोच्या रकमेनेच ही मर्यादा गाठली गेली असेल, तर पुढची रक्कम आईच्या खात्यातून, त्यांच्या पॅनवर पाठवता येईल. कापलेला कर विवरणपत्रात वळता होतो, बँकेचं प्रमाणपत्र तेवढं मागून ठेवा.

तिच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती, विम्याचा क्रमांक, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा आणि तिच्या घरातल्या एका तरी व्यक्तीचा फोन नंबर घरी लिहून ठेवा. पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग ती प्रत घेऊन टियरगार्टनश्ट्रासेवरच्या भारतीय दूतावासात जायचं. फोनची वेळ ठरवताना एवढं लक्षात असू द्या की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात. तोपर्यंत आपण साडेतीन तास पुढे असतो, त्यानंतर मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार.